स्थगित नियम आणि डॉक्टरांचे रील



वैद्यकीय तज्ज्ञांनी समाजमाध्यमांवर काय सांगावे आणि काय दाखवू नये, याचे स्पष्ट नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी अधिसूचित केले होते. परंतु त्याच नियमावलीतील जेनेरिक औषधांच्या, म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी मूळ घटकाच्या नावाने औषध लिहून देण्याच्या, सक्तीवरून वाद पेटला आणि २३ ऑगस्टला संपूर्ण नियमावलीच स्थगित झाली. त्यामुळे पुन्हा लागू झालेली डॉक्टरांसाठीची २००२ ची आचारसंहिता फेसबुकच्याही आधीची आहे; तिच्यात जाहिरातबाजीला आणि ओळख पटेल असे रुग्णाचे छायाचित्र परवानगीवाचून नियतकालिकात छापण्याला मनाई असली, तरी विकत घेतलेले लाइक, रुग्णांकडून वदवून घेतलेली प्रशस्ती किंवा शस्त्रक्रियेच्या चित्रफिती यांचा नावानिशी उल्लेख नाही. स्थगित नियमांनी हे तिन्ही प्रकार वर्ज्य ठरवले होते.

रुग्णाची संमती घेतली की प्रश्न मिटतो, हा युक्तिवाद अपुरा आहे. सुरतेच्या उधना किंवा लिंबायत भागात राहणारा, खानदेशातून यंत्रमागावर कामाला आलेला मजूर उपचार चालू असताना डॉक्टरांना नकार देऊ शकेल, असे मानणे कठीण आहे. शिवाय दिलेली संमती त्याने उद्या मागे घेतली, तरी तोवर धुळे-नंदुरबारकडील त्याच्या गावाच्या समाजमाध्यम गटांत फिरलेली चित्रफीत परत येत नाही. ‘उपचारापूर्वी आणि उपचारानंतर’ अशा जोडचित्रांत तर केवळ यशस्वी रुग्ण निवडले जातात, म्हणून प्रत्येक चित्र खरे असूनही त्यांतून होणारा एकूण समज खोटा ठरतो.

याचा अर्थ तज्ज्ञांनी गप्प बसावे असा नाही. सप्टेंबर १९९४ च्या प्लेगमध्ये सुरतेत अफवा रोगापेक्षा वेगाने पसरल्या आणि लाखो लोक शहर सोडून गेले. अशा वेळी विश्वासार्ह वैद्यकीय माहिती लोकांच्या भाषेत तत्काळ पोहोचणे किती आवश्यक असते, हे या शहराला वेगळे सांगावे लागत नाही. स्थगित नियमांनीही पडताळता येईल अशी माहिती देण्यास मुभा ठेवली होती. मात्र व्यक्तिगत सल्ला विचारणाऱ्याला जाहीरपणे औषध न सांगता प्रत्यक्ष तपासणीकडे किंवा दूरवैद्यकाकडे, म्हणजे दूरध्वनी वा चित्रसंवादाद्वारे होणाऱ्या सल्ल्याकडे, वळवावे, असे म्हटले होते.

म्हणून आयोगाने समाजमाध्यमांविषयीचा भाग जेनेरिकच्या वादापासून वेगळा काढून स्वतंत्रपणे लागू करावा, आणि तोपर्यंत सुरतेतील डॉक्टरांच्या संघटनांनी तो आपल्या सदस्यांसाठी स्वेच्छेने स्वीकारावा; त्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहण्याची गरज नाही.

— एक वाचक, सुरत