एका गुणाची गोष्ट

दिवाळी अंकात मराठीच्या प्राध्यापकाने करंज्या-चकल्यांवर लिहावे, फार तर संतकवींवर लिहावे, असा एक अलिखित संकेत आहे. तो मोडून मी आज रग्बीवर लिहिणार आहे. मैदानी खेळांचे आणि माझे नाते किती लांबचे आहे हे आमच्या घरी सर्वांना ठाऊक असल्यामुळे, ‘तुम्ही आणि रग्बी?’ हा प्रश्न मी स्वयंपाकघरातून आधीच ऐकून घेतला आहे. वाचकांनी तो पुन्हा विचारू नये, एवढीच विनंती.

त्याचे असे झाले. २०२३ च्या ऑक्टोबरात, साठवलेली रजा खर्च करून, मी धाकट्या बहिणीकडे ऑकलंडला गेलो होतो. २८ तारखेला कोजागिरी होती. न्यूझीलंडात ऑक्टोबर म्हणजे वसंत. तेव्हा शरदाचे चांदणे आम्ही वसंतात पाहिले आणि बहिणीने केलेले केशरी दूध पिऊन उशिरा झोपलो. सकाळी साडेसातला भाचा अंथरुणाशी हजर. वय वर्षे सतरा, अंगात काळा सदरा.

“मामा, ऊठ. आठला फायनल आहे.”

पॅरिसला अजून शनिवारची रात्र होती आणि तिथे रग्बीच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना व्हायचा होता. न्यूझीलंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. बाहेर येऊन पाहतो तो दिवाणखान्यात सभाच भरलेली. मेहुणे होते, भाचा होता, शेजारचे एक वृद्ध सुतार होते आणि समोरच्या घरात राहणारे, दक्षिण आफ्रिकेतून येऊन स्थायिक झालेले एक दंतवैद्य होते. दंतवैद्यांच्या अंगात हिरवा सदरा होता आणि शत्रूच्या छावणीत शिरलेल्या दूताप्रमाणे ते सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते.

मी चार गोष्टी विचारून घेतल्या, त्या तुम्हांलाही सांगून ठेवतो. एका बाजूला पंधरा गडी, खेळ ऐंशी मिनिटांचा. चेंडू हाती घेऊन पुढे धावायचे, पण सोबत्याला द्यायचा तर मागेच द्यायचा. चेंडू हातून निसटून पुढे पडला की चूक. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की पाच गुण; त्यावर मिळालेली लाथ दोन खांबांमधून गेली तर आणखी दोन. दंडाची लाथ साधली तर तीन. पुढे जायचे आणि द्यायचे मात्र मागे, हा नियम मला एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावाच्या आयुष्यासारखा वाटला. पण ते बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती.

सुतार आजोबांना मी आपल्याकडची एक हकिकत सांगितली. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या कलकत्ता चषकासाठी खेळतात, तो १८७८ साली कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडताना बँकेतले २७० चांदीचे रुपये काढून, ते वितळवून घडवलेला आहे. आजोबा म्हणाले, “मग पंचाला शिव्या देण्याचा तुम्हांलाही थोडा अधिकार आहे.” हे वाक्य पुढे खरे ठरायचे होते.

सामना काय झाला ते थोडक्यात सांगतो. पंच होते इंग्लंडचे वेन बार्न्स. तिसऱ्याच मिनिटाला न्यूझीलंडच्या एका गड्याला पिवळे कार्ड मिळाले. अर्धा तास व्हायच्या आत कर्णधार सॅम केन याचा खांदा प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला लागला. त्यालाही आधी पिवळे मिळाले आणि चित्रफिती तपासणाऱ्या पंचाने त्याचे लाल केले. पुरुषांच्या अंतिम सामन्यातले ते पहिलेच लाल कार्ड. चौदा गडी उरले. मध्यंतराला दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ६. मध्यंतरानंतर आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी यानेही तसाच डोक्याला धक्का दिला. पण त्यात धोक्याची मात्रा कमी ठरून त्याचे कार्ड पिवळेच राहिले. मग ॲरन स्मिथने रेषेपलीकडे चेंडू टेकवला आणि आमचा दिवाणखाना छताला लागला. इतक्यात पडद्यामागचे पंच टॉम फोली यांनी सांगितले की बऱ्याच आधी चेंडू न्यूझीलंडच्या हातून पुढे निसटला होता. गुण रद्द! थोड्याच वेळात बोडेन बॅरेटने पाच गुण मिळवले, पण वरचे दोन हुकले. शेवटची सात-आठ मिनिटे उरली असता जॉर्डी बॅरेटची लांबवरून मारलेली दंडाची लाथ खांबाबाहेर गेली. अखेर १२-११. एका गुणाने दक्षिण आफ्रिका चौथ्यांदा जगज्जेती झाली.

त्यानंतर जो वाद झाला, त्यापुढे आमच्या अभ्यास मंडळाच्या बैठका म्हणजे भजनी मंडळ वाटावे.

मेहुणे म्हणाले, “दादा, तुम्हीच सांगा. दोन कर्णधार, दोघांचा गुन्हा एक. एकाला फाशी आणि एकाला दहा मिनिटांची कैद?”

दंतवैद्य शांतपणे म्हणाले, “गुन्हा एक नव्हता. एकाचा मार थेट आणि जोराचा होता. डोक्याला लागलेला मार मी रोज दातांच्या रूपाने पाहतो.”

भाचा उसळला, “आणि स्मिथचे पाच गुण? ते धरले असते तर आपण जिंकलो असतो!”

“ते धरले असते तर खेळ पुन्हा मध्यरेषेवरून सुरू झाला असता,” आजोबा म्हणाले. “मग बॅरेटचे पाच कुठून आले असते? एकाच झाडाची दोन वेगवेगळ्या वर्षांची फळे एका टोपलीत मोजू नकोस. आणि दोन लाथा आपण हुकवल्या, त्या काय पंचाने मारल्या?”

या आजोबांविषयी मला आदर वाटू लागला. त्यांनी मग २००७ सालची आठवण काढली. कार्डिफला फ्रान्सने न्यूझीलंडला २०-१८ असे हरवले, तेव्हा फ्रान्सच्या निर्णायक गुणांआधी चेंडू उघडउघड पुढे फेकला गेला होता आणि तो पंचाला दिसला नाही. पंच होते हेच बार्न्स, अवघ्या अठ्ठावीस वर्षांचे. सारा देश त्यांच्यावर तुटून पडला. जिवे मारण्याच्या धमक्यादेखील गेल्या. “त्या आठवड्यात मीही तोंडाला येईल ते बोललो,” आजोबा म्हणाले. “मग २०११ साली याच ऑकलंडात आपण फ्रान्सला ८-७ असे हरवले. फ्रेंच लोक पंचाच्या नावाने ओरडत राहिले. आपल्यापैकी कोणाला तो पंच वाईट वाटला का रे?”

कोणीच उत्तर दिले नाही. बहिणीने पोहे आणले.

पण भाच्याने एक मुद्दा काढला, तो मात्र खरोखर बिनतोड होता. त्या वेळच्या नियमाप्रमाणे, चेंडू निसटल्याची चूक पडद्यामागच्या पंचाला दोन टप्प्यांपर्यंतच मागे जाऊन सांगता येत असे. ही चूक त्याहून आधीची होती. म्हणजे फोली यांनी सांगितले ते खरे होते, परंतु ते सांगण्याचा त्यांना अधिकार नव्हता.

“चूक झाली होती, मान्य,” भाचा म्हणाला. “पण मुदत संपली होती. मुदत संपल्यावर खरे काय नि खोटे काय? मामा, तू तर परीक्षक आहेस. तू काय केले असतेस?”

घासभर पोहे माझ्या घशात अडकले. त्याला कल्पना नव्हती, पण त्याने नेमका तोच प्रश्न विचारला होता जो मी बारा वर्षे कोणाला विचारू दिला नव्हता.

त्या वर्षी प्रथम वर्षाच्या परीक्षेत एका मुलाला मराठीत एकोणचाळीस गुण पडले. उत्तीर्ण व्हायला चाळीस हवेत. सवलतीचे गुण त्याचे दुसऱ्या विषयात खर्ची पडले होते, राहिलेल्या विषयांत याची भर पडली आणि त्याचे वर्ष अडले. फेरतपासणीच्या अर्जाची मुदत संपल्यावर चार दिवसांनी तो माझ्याकडे आला. गावी वडील आजारी होते, म्हणून उशीर झाला म्हणाला. मी त्याला नियम दाखवला. “मुदत म्हणजे मुदत,” असे वर ऐकवले. तो “बरं सर” म्हणून गेला. काही दिवसांनी गठ्ठे आवरताना सहज त्याची उत्तरपत्रिका काढली. पुरवणीच्या मागच्या पानावर एक टीप होती. तिच्यावर माझ्या लाल पेन्सिलीची एकही खूण नव्हती. टीप बरी होती. दोन गुण कोणीही दिले असते.

मी गठ्ठा पुन्हा बांधला. मुदत संपली होती, निकाल लागला होता, आणि खरे सांगायचे तर, प्राचार्यांपुढे जाऊन ‘पान उलटायला मीच विसरलो’ असे म्हणण्याची मला लाज वाटली. मुलाने पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली आणि तो सुटला. मी मात्र सुटलो नाही.

हे सगळे मी त्या दिवाणखान्यात सांगितले. मेहुणे खाली पाहत राहिले.

“मग तू त्याला नंतर सांगितलंस?” भाच्याने विचारले.

“नाही.”

तो थोडा वेळ गप्प बसला. त्याच्या हातात फोन होता आणि त्यावर पंचाविषयी त्याने काही लिहून ठेवले होते; काय ते मी वाचले नाही. त्याने ते पुसले. मग म्हणाला, “म्हणजे फोलीने नियम मोडून खरं सांगितलं, आणि तू नियम पाळून लपवलंस.”

सतरा वर्षांच्या मुलांना पंच नेमू नये, ते फार अचूक असतात.

मी परत आल्यावर वर्तमानपत्रांत वाचले. बार्न्स यांनी त्या सामन्यानंतर निवृत्ती पत्करली. तो त्यांचा एकशे अकरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. फोली आंतरराष्ट्रीय कामापासून बाजूला झाले. शिवीगाळ आणि धमक्या हे कारण त्यांनी उघड सांगितले. दोघांनाही अपमान सोसावा लागला तो सर्वांच्या देखत घेतलेल्या निर्णयांसाठी. माझा निर्णय बंद खोलीत झाला, आणि त्याबद्दल मला त्या वर्षी गुरुपौर्णिमेला गुलाबाचे फूल मिळाले. फूल देणाऱ्यांत तो मुलगाही होता.

आता पंच चुकला तर प्रेक्षकाने बोलूच नये का? अवश्य बोलावे. नियम अपुरा असेल तर तो बदला म्हणावे. आमच्या दिवाणखान्यातला वाद मला तर फार आवडला. त्यात कोणी कोणाच्या घरादारावर गेले नाही, आणि दंतवैद्य जाताना पोह्यांची कृती लिहून घेऊन गेले. फक्त ओरडण्याआधी आपण स्वतः कोणते पान उलटायचे विसरलो आहोत, हे एकदा आठवून पाहावे.

हल्ली पेपर तपासताना मी प्रत्येक पुरवणी दोनदा उलटून पाहतो. गठ्ठा उशिरा देतो म्हणून कार्यालयातून बोलणी खातो.

त्या मुलाचा पत्ता माझ्याजवळ नाही. तो आता तिशीच्या घरात असेल. कदाचित त्याच्याही घरी हा अंक येत असेल. बाबा रे, मराठीचे तुझे दोन गुण माझ्याकडे येणे आहेत. तू त्या वर्षी पास होतास. मुदत कधीच उलटून गेली आहे, पण हे तुला सांगायचे राहिले होते.