लंगडा घोडा आणि आपला वरघोडा



आज थोडं कडू लिहिते आहे. पर्युषणाच्या पारण्याला, महावीर जन्मकल्याणकाला आपण वरघोडा काढतो. तपस्वी बग्गीत, पुढे ढोलताशे, मागे आपण मंगलगीतं म्हणत. पण बग्गीचा घोडा चार पायांवर नीट चालतोय की तीन पायांवर, हे आपल्यापैकी किती जणी पाहतात?

ओळखायला डॉक्टर लागत नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा मान वर उडवतो आणि चांगला पाय टेकताना खाली घेतो. आपल्याला वाटतं, ऐटीत नाचतोय! तो दुखऱ्या पायावरचं वजन चुकवत असतो.

घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. सगळा भार टेंडन आणि लिगामेंट या दोऱ्यांवर असतो, आणि एकूण वजनातलं साधारण 60 टक्के पुढच्या दोन पायांवर. लिगामेंटला रक्तपुरवठा कमी, म्हणून फाटलेलं लिगामेंट भरायला महिनोनमहिने लागतात. भरतं तेही जुन्यासारखं लवचिक नसतं. सूज उतरली, लंगडणं थांबलं, म्हणजे पाय बरा झाला असं नाही. अशा वेळी पुन्हा बग्गीला जुंपला की तिथेच पुन्हा फाटतं, आणि मग लंगडणं जन्माचं होतं.

त्यावरचा उपाय साधा पण वेळखाऊ आहे. सुरुवातीला पायावर थंड पाणी आणि तबेल्यात पूर्ण विश्रांती. मग डॉक्टर सांगतील तसं हातात दोर धरून रोज थोडी मिनिटं सपाट, कडक जमिनीवर चालवणं. भुसभुशीत वाळू नको, गोल फिरवणं नको. खुराची पुढची टोकं वाढू द्यायची नाहीत, नाल बेताची हवी. मधूनमधून सोनोग्राफी. एवढं करूनही काही घोडे पुन्हा ओझ्याच्या लायक होत नाहीत. त्यांना कामातून सोडवणं हाच उपचार.

आणि होतं काय? मिरवणुकीच्या सकाळी वेदनाशामक टोचलं की काम भागलं. दुखणं हे शरीराने दिलेली ताकीद असते, ती आपण एका दिवसाच्या शोभेसाठी बंद करतो.

अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आहे, हे आपण प्रतिक्रमणात दरवेळी ऐकतो. तिसरे तीर्थंकर संभवनाथ भगवान, त्यांचं लांछनच घोडा. कायदाही तेच सांगतो: 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11, आजारी वा जखमी जनावराला कामाला लावणं गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये! एवढ्यात आज दोन नारळ येत नाहीत. म्हणून कायद्याच्या भरवशावर राहू नका.

कुणी म्हणेल, घोडेवाल्याचं पोट त्यावर आहे. खरं आहे. मी कॉमर्सची, तेव्हा हिशेबाचंच बोलते. सहा महिने घोडा बांधून ठेवला तर चारा, डॉक्टर आणि बुडालेली कमाई, तिन्ही त्या गरिबाच्याच खात्यावर. म्हणून तो इंजेक्शन शोधतो. त्याला पापी म्हणणं सोपं, पण भाडं तर आपण देतो. जीवदयेच्या पेटीतले पैसे पांजरापोळात जातात, जाऊ देत. त्यातलाच एक वाटा जखमी घोड्याच्या विश्रांतीसाठी मालकाला चाऱ्याच्या आणि औषधाच्या रूपात का देऊ नये? पांजरापोळात पोचेपर्यंत घोडा कायमचा अधू झालेला असतो. त्याआधी मदत केली, तर खर्चही कमी आणि जीवही वाचतो.

आपल्या मंडणगडसारख्या गावात घोडा बाहेरून आणायचा म्हणजे घाटातल्या वळणांवर टेम्पोत उभा राहून आलेला जीव. मग हवाच कशाला? रथ हातांनी ओढता येतो. तरुण मुलं आनंदाने ओढतील, तपस्वींचा मान तसूभर कमी होणार नाही.

संघाच्या पुढच्या बैठकीत आपण बायकांनी दोनच गोष्टी मांडूया. वरघोड्यात घोडा नको. आणि पूर्वी ज्यांचे घोडे आपण लावले, त्यांच्यातला कुणी लंगडत असेल तर त्याच्या विश्रांतीचा खर्च जीवदया खात्यातून. पुरुष मंडळी 'परंपरा' म्हणतील. त्यांना अतिचार किती आणि कोणते, एवढंच विचारा.

मिच्छा मि दुक्कडं.