विश्लेषण : पडदा रुंद झाला, मग चित्र का कापले गेले?

मोबाइल आडवा धरून जुना चित्रपट लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. अनेक जण दोन बोटांनी चित्र ताणून पडदा भरून टाकतात. पट्ट्या जातात, पण चित्राचा वरचा-खालचा भागही जातो. हाच प्रकार सत्तर वर्षांपूर्वी चित्रपटगृहांत झाला होता.

चौकट कशी बदलली?

बोलपटांच्या चित्राची रुंदी बराच काळ उंचीच्या १.३७ पट असे. टीव्हीमुळे प्रेक्षक घरी बसू लागला आणि १९५३ मध्ये हॉलीवूडला रुंद पडद्याची घाई झाली. सिनेमास्कोपला खास भिंगे लागत. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे प्रोजेक्टरच्या गेटमध्ये कमी उंचीची खिडकी असलेली धातूची पट्टी बसवायची आणि चित्र मोठे करणारे भिंग लावायचे. फिल्मवर चित्र पूर्ण. पडद्यावर मात्र छाटलेले. ऑपरेटर फार तर फ्रेम वर-खाली सरकवणार. डोकी वाचवली की पाय गेले!

नवे दिग्दर्शक हे गृहीत धरून चित्रण करू लागले. फटका बसला तो आधीच चित्रित झालेल्या चित्रपटांना. जॉर्ज स्टीव्हन्स यांनी ‘शेन’ जुन्या चौकटीत १९५१ मध्ये चित्रित केला. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये तो १.६६ प्रमाणात झळकला; उंचीचा सहाव्या हिश्शाहून अधिक भाग गायब. १९३९ च्या ‘गॉन विथ द विंड’चे हाल त्याहून वाईट. १९६७ मध्ये त्याच्या ७० मिमी प्रती २.२ प्रमाणात काढल्या गेल्या आणि सुमारे ३८ टक्के उंची गेली. इथे ऑपरेटर बिचारा काय करणार? कात्री प्रतीवरच चालली होती.

मग ‘शोले’चे काय?

‘शोले’ही (१९७५) ३५ मिमीवर चित्रित होऊन ७० मिमीवर नेला गेला. पण तिथे रुंद चौकट निर्मात्यांनीच निवडलेली होती. छाटणी कोणी ठरवली, हा खरा प्रश्न आहे.

वाहिनी किंवा ओटीटी सेवा ४:३ चा चित्रपट छाटून १६:९ मध्ये दाखवते, तेव्हा चौथा हिस्सा उंची जाते. तसे केले असेल तर निदान चित्रपटाच्या माहितीत तो बदल नोंदवावा आणि मूळ चौकटीचा पर्याय द्यावा. बाकी २०:९ चा मोबाइल पडदा पूर्ण भरण्याचा हट्ट धरला, तर १.३७ च्या चित्रपटाची जवळपास तेवढीच, ३८ टक्के उंची आपणच कापतो.