'रुग्णसेवा' लिहू नका, काका

माझा एक वर्गमित्र वीस वर्षांपूर्वी इंग्लंडला गेला, तिकडेच स्थायिक झाला. त्याची मुलगी तिथं नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत ती टांझानियातल्या एका सरकारी रुग्णालयात चार आठवडे स्वयंसेवक म्हणून राहिली आणि तिथून आजीला भेटायला गावी आली. लगेच मंडळानं शाल-नारळ देऊन सत्कार केला. एका वक्त्यानं तर तिला 'सोलापूर जिल्ह्याची दुसरी कोटणीस' करून टाकलं. मीही बातमीचा मथळा ठरवला होता : 'गावच्या लेकीची आफ्रिकेत रुग्णसेवा'.

रात्री तिचा फोन आला. "काका, रुग्णसेवा असं लिहू नका. मी शिकायला गेले होते. तेही त्यांच्या पेशंटवर."

मग तिनं जे सांगितलं ते सत्कारात कुणी विचारलंच नव्हतं.

रात्रपाळी. प्रसूती कक्षात एकच सिस्टर आणि एकाच वेळी दोन बायका बाळंत होण्याच्या बेतात. सिस्टरनं हिला खुणेनं सांगितलं, "ती तू बघ." ही नाही म्हणाली. तिनं त्या बाईचा हात धरला, पाठ चोळली, सिस्टर मोकळी होईपर्यंत थांबली. सोबतच्या एका मुलानं मात्र दुसऱ्या दिवशी ग्लोव्हज चढवले आणि एका जखमेला टाके घातले. टाके घालायला तो शिकला कधी? त्याच सकाळी, बघून. संध्याकाळी फोटो इन्स्टाग्रामवर.

आपल्याकडे लोक म्हणतील, नर्सला बाळंतपण येऊ नये? आपल्याकडं येतं, कारण आपल्या जीएनएम कोर्सच्या नावातच मिडवाइफरी आहे. ब्रिटनमध्ये तसं नाही. मिडवाइफचं शिक्षण वेगळं, नोंदणी वेगळी. अचानक वेळ आली तर गोष्ट निराळी, एरवी बाळंतपण करणं हे तिथल्या साध्या नर्सचंही काम नाही, मग विद्यार्थिनीचं कुठून असणार? तिथं नर्स व्हायला 2,300 तास प्रत्यक्ष काम करावं लागतं आणि तेही देखरेखीखाली. म्हणजे जी गोष्ट स्वतःच्या देशात केली तर कॉलेजातून काढून टाकतील, ती विमानातून उतरल्यावर 'सेवा' कशी होते?

यावर एक रास्त प्रश्न आहे. तिथं माणसंच कमी आहेत, मग मिळेल तो हात का नको? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अहवालानुसार जगात 59 लाख नर्सेस कमी होत्या आणि त्यातली जवळपास 89 टक्के तूट गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत होती. गरज खरीच आहे. पण गंमत बघा. नायजेरिया, घाना, झिम्बाब्वे आणि आपलं केरळ इथल्या शिकून तयार झालेल्या नर्सेस ब्रिटन नेतं, आणि ब्रिटनमधली अर्धी शिकलेली पोरं चार आठवड्यांसाठी आफ्रिकेत जातात. त्यासाठी मध्यस्थ कंपनीला फी भरतात. त्यातले रुग्णालयाला किती पोचले, हे हिला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

हिला स्वाहिली येत नव्हती. पेशंट काय सांगतोय हे सिस्टरनंच समजावायचं. म्हणजे आधीच कमी असलेल्या सिस्टरचा वेळ पाहुण्यांना शिकवण्यात. महिना संपला की नवी तुकडी, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता कोटणीसांचं. 1938 मध्ये चीनला गेलेल्या भारतीय पथकात पाच जण होते, पाचही शिकून तयार झालेले डॉक्टर. द्वारकानाथ कोटणीस चिनी भाषा शिकले, तिथल्या मुलांना वैद्यकीय शिक्षण दिलं आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथंच गेले, वयाच्या 32 व्या वर्षी. चार आठवड्यांच्या मुक्कामाला ते नाव लावणं त्यांच्यावर अन्याय आहे आणि या पोरीवरही. तिला तो मोठेपणा नकोच होता.

परदेशी जाऊन शिकू नये असं मी म्हणत नाही. जरूर जावं. बीपी घ्यावं, ताप बघावा, जे येतं ते करावं, जे येत नाही त्याला सरळ नाही म्हणावं. आणि परत आल्यावर आपण काय दिलं यापेक्षा काय घेतलं ते आधी सांगावं.

उद्या आपल्या ग्रामीण रुग्णालयात परदेशातली दुसऱ्या वर्षाची पोरं आली आणि आपल्या सुनेचं बाळंतपण करायला पुढं झाली, तर चालेल का आपल्याला? आपण दवाखाना डोक्यावर घेऊ. पण खरं सांगायचं तर आपल्याच मोठ्या सरकारी दवाखान्यांत गरिबाच्या खाटेभोवती दहा विद्यार्थी उभे राहतात, तेव्हा "चालेल का?" असं त्याला कितीदा विचारलं जातं? पैसेवाल्याच्या खोलीत शिरताना दार वाजवतात. जनरल वॉर्डला दारच नसतं.

शिकायला पेशंट लागतोच, त्याशिवाय नर्स घडणार नाही. पण शिकवणारा शेजारी उभा हवा आणि पेशंटला विचारलेलं हवं. मग तो टांझानियातला असो की आपल्या तालुक्यातला.

बातमी मी दिली. मथळा बदलला : 'टांझानियाच्या सिस्टरांकडून शिकून आली गावची लेक'. मंडळाचे कार्यकर्ते नाराज आहेत, सत्काराचा फोटोही लहान लागला म्हणतात. असू द्या. त्या रात्री सगळे डोळे वटारून बघत असताना "मला हे येत नाही" म्हणायला जे धाडस लागलं, माझ्या मते शाल त्यासाठी द्यायला हवी होती.