वाफ्यात कंपोस्ट किती?

सोसायटीच्या आवारात किंवा गच्चीवर उंच वाफे उभारून देणाऱ्या आपल्या वाचकांना आता कंपोस्टची ददात राहिलेली नाही. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी मोठ्या गृहसंकुलांवर टाकली आणि खताचे ढीग दाराशी साचू लागले. साहजिकच रिकामा वाफा काठोकाठ निव्वळ कंपोस्टने भरून देण्याची पद्धत रुळली. माती विकत आणा, चाळा, गच्चीवर चढवा, या कटकटीतून सुटका होते. पहिल्या हंगामात पालेभाजीही तरारून येते. तरीही ही पद्धत सोडायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. कंपोस्ट मातीला द्यायचे असते, मातीऐवजी वापरायचे नसते.

साधा हिशेब करून पाहू. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल वाफ्यात सुमारे ९०० लिटर, म्हणजे अंदाजे साडेचारशे किलो कंपोस्ट मावते. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किमान ०.४ टक्के स्फुरद असावे लागते. तेवढेच धरले तरी वाफ्यात १.८ किलो स्फुरद गेले. संकरित टोमॅटोसाठी आपल्याकडची शिफारस हेक्टरी १५० किलो स्फुरदाची, म्हणजे या तीन चौरस मीटरला ४५ ग्रॅम. चाळीस पट! नत्र पावसाच्या निचऱ्यातून वाहून तरी जाते. स्फुरद बहुतांशी जागीच साठते आणि पिकाला लोह व जस्त मिळण्यात अडथळा आणते. मग कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ग्राहक तक्रार करतो आणि आपण वरून आणखी दोन घमेली कंपोस्ट टाकतो, म्हणजे दुखण्यातच भर घालतो.

क्षारांचेही तसेच. त्याच आदेशात कंपोस्टची विद्युतवाहकता ४ डेसिसीमेन्सपर्यंत चालते. मातीत मिसळायच्या खतासाठी ती मर्यादा ठीक आहे. पण घेवडा, गाजर आणि कांदा यांचे उत्पन्न मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता एक-सव्वाच्या वर गेली की घटू लागते. अशी पिके नुसत्या कंपोस्टमध्ये नीट उगवली नाहीत, तर बियाण्याला दोष देण्यात अर्थ नाही. शिवाय सेंद्रिय पदार्थ कुजतच राहतो आणि आपल्या उन्हात तर झपाट्याने. मे महिन्यात काठोकाठ भरलेला वाफा दिवाळीपर्यंत चांगलाच खचलेला असतो. उरलेला बारीक भुगा जुलैत पाणी धरून मुळांचा श्वास कोंडतो. तोच एप्रिलमध्ये कोरडा पडला की पाणी आत घेत नाही, ते कडेकडेने खाली निघून जाते.

यावर पहिला आक्षेप गच्चीच्या वजनाचा, आणि तो रास्त आहे. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर जाते. स्लॅबला ती पेलेल की नाही, हे स्थापत्य अभियंत्याला विचारूनच ठरवावे. पण वजन घटवायचे तर वाफ्याची खोली कमी करा, किंवा धुतलेले कोकोपीट आणि उसाचे चिपाड वापरा. त्यांत अन्नद्रव्ये कमी, त्यामुळे अतिरेकाची भीती कमी. चिपाड मात्र कुजवूनच घ्यावे, नाहीतर ते पिकाच्या वाट्याचे नत्र ओढून घेते. दुसरा आक्षेप इंग्लंडमधल्या चार्ल्स डाउडिंग यांच्या बिननांगरटीच्या वाफ्यांचा दाखला देऊन घेतला जातो. ते कंपोस्ट भरपूर वापरतात, हे खरेच. पण तो थर उघड्या जमिनीवर असतो, मुळे खालच्या मातीत उतरतात आणि हवाही थंड असते. गच्चीवर कंपोस्टखाली माती नसते, स्लॅब असतो.

जमिनीवरचा नवा वाफा भरताना दोन भाग पोयटा किंवा लाल माती आणि एक भाग मुरलेले कंपोस्ट, हे प्रमाण आम्ही सुचवतो. काळी चिकण माती असेल तर थोडी भरड वाळू घालावी. पुढे दर हंगामाला वरून दोन सेंटिमीटरचा थर पुरतो, आणि माती परीक्षणात स्फुरद जास्त दिसले तर तोही थांबवावा. कंपोस्ट मुरले की नाही, हे पाहायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. त्याचा पाण्यातला गाळीव अर्क एका ताटलीतल्या ओल्या कागदावर आणि साधे पाणी दुसऱ्या ताटलीत घेऊन दोन्हींवर अळीव पेरावे. चार दिवसांत अर्कातले कोंब पाण्यातल्यांच्या मानाने खुरटे किंवा तपकिरी टोकाचे निघाले, तर तो ढीग अजून महिनाभर कुजू द्यावा. आणि काम घेताना दरपत्रकात ‘वाफा भरणे’ एवढेच न लिहिता माती किती आणि कंपोस्ट किती, हे घनफुटांत लिहून द्यावे.