तुमचा टायर किलोमीटरला किती पैसे खातो?



नवीन व्यवसाय सुरू केलेल्या कुणालाही विचारा, महिन्याचा खर्च किती? भाडं सांगतील, लाईटबिल सांगतील, पगार सांगतील, पेट्रोलही सांगतील. टायर कोणी सांगत नाही. कारण टायरचं बिल महिन्याला येत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा येतं, आणि येतं तेव्हा एकदम सोळा-वीस हजारांचं येतं. मग आपण दुकानात जाऊन विचारतो, "सगळ्यात स्वस्त कुठला?" किंवा खिशात चार पैसे असतील तर, "सगळ्यात जास्त चालणारा कुठला?"

माझं मत स्पष्ट आहे. हे दोन्ही प्रश्न अर्धवट आहेत. रोज धंद्यासाठी पळणाऱ्या गाडीला टायर घ्यायचा असेल, तर आधी स्वतःचं रनिंग माहीत हवं आणि मग किलोमीटरचा भाव काढायला हवा. पण त्या सगळ्याच्या आधी एक अट: भर पावसात ब्रेक लागला पाहिजे. या अटीत जो बसत नाही, तो टायर फुकट मिळाला तरी महागच.

आधी रनिंग लिहा

एक उदाहरण घेऊ. समजा तुमचा मसाल्याचा व्यवसाय आहे. भोसरीत पॅकिंग होतं आणि तुम्ही स्वतःच्या छोट्या कारने चाकण, राजगुरुनगर भागातल्या दुकानांना माल देता. रोजचे ६० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस. म्हणजे वर्षाला १८,००० किलोमीटर.

आता दोन टायर समोर आहेत. आकडे फक्त हिशोबासाठी धरतोय, तुमच्या दुकानदाराचे भाव तुम्ही टाका. पहिला टायर ४,००० रुपयांचा, ३५,००० किलोमीटर चालणारा. दुसरा ५,२०० रुपयांचा, ५५,००० किलोमीटर चालणारा. चार टायरचे झाले १६,००० आणि २०,८००. भागाकार करा. पहिला पडतो किलोमीटरला साधारण ४६ पैसे, दुसरा ३८ पैसे. म्हणजे दुकानात महाग वाटणारा टायर रस्त्यावर स्वस्त निघाला. वर्षाला फरक साधारण १,४०० रुपये.

पण थांबा. हाच हिशोब आता दुसऱ्या उद्योजकाचा करू. एखाद्या ताईंचा घरगुती केकचा व्यवसाय आहे. गाडी आठवड्यातून दोन-तीन वेळा बाहेर पडते, वर्षाचं रनिंग ६,००० किलोमीटर. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. ऊन, हवा, वेळ यांनी ते कडक पडतं, बाजूला बारीक भेगा येतात. अनेक कार कंपन्या नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. सहा वर्षांत ताईंची गाडी धावणार ३६,००० किलोमीटर. त्यांनी ५५,००० वाला महाग टायर घेतला तर त्यातले १९,००० किलोमीटर वापरायच्या आधीच टायरचं वय होऊन जाईल. त्यांना तो पडला किलोमीटरला ५८ पैसे. त्यांच्यासाठी पहिलाच टायर बरा होता.

टायर तोच, दुकान तेच, भाव तोच. बदललं फक्त रनिंग. म्हणून "जास्त चालणारा टायर घ्या" हा सल्ला सगळ्यांना सरसकट देणाऱ्याचं मी ऐकत नाही. तासाला दोनशे पाकिटं भरणारं मशीन घ्यायचं आणि दिवसाला शंभर पाकिटं भरायची, हा तोटा आपल्याला मशीनच्या बाबतीत लगेच कळतो. टायरच्या बाबतीत कळत नाही, एवढंच.

"ऑल-सीझन" म्हणजे आपल्याकडे नेमकं काय?

दुकानात "साहेब, ऑल-सीझन आहे" हे वाक्य ऐकून भारावून जाऊ नका. हा शब्द बर्फ पडणाऱ्या देशांतला आहे. जर्मनीसारख्या देशात बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर नसतील तर दंड होतो. तिथे उन्हाळी, हिवाळी आणि दोन्हीकडे कामचलाऊ असे प्रकार पडतात. आपल्या भोसरी-चाकणला बर्फ पडत नाही. आपल्या रोजच्या गाडीला वर्षभर एकच टायर लागतो, तेव्हा तो शब्द ऐकून जादा पैसे मोजायचं कारण नाही.

आपले खरे सीझन दोन. मे महिन्यातला तापलेला रस्ता आणि जुलैमधला पाण्याखालचा रस्ता. या दोघांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध असू शकतात. कडक रबर हळू झिजतं, पण ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी पडू शकते. मऊ रबर रस्ता घट्ट धरतं, पण लवकर झिजतं. चांगल्या कंपन्या रबरात सिलिका वगैरे घालून दोन्ही साधायचा प्रयत्न करतात, आणि टायर महाग होण्याचं ते एक कारण असतं. पण कोणी कमी किमतीत "लाख किलोमीटर चालेल" म्हणत असेल, तर एकच प्रश्न विचारा: "पावसात कसा आहे?"

इथे कायदाही तुमच्या बाजूने आहे. कारच्या टायरला आयएसआय मार्क बंधनकारक आहे. शिवाय केंद्र सरकारने २०२२ मध्ये टायरसाठी रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्ही गोष्टींचे निकष अधिसूचित केले. त्यामुळे बिनमार्कचा, बिनबिलाचा टायर स्वस्तात मिळतोय म्हणून घेणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार.

टायरवरचं वाचायला शिका

जीएसटीचं बिल वाचता ना? मग टायरही वाचा. पाच मिनिटांचं काम आहे.

१६५/८० आर १४ ८५ टी असं लिहिलंय समजा. १६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के उंची. आर म्हणजे रेडियल, १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. पुढचा ८५ हा लोड इंडेक्स. त्याचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त ५१५ किलो. टी म्हणजे कमाल वेग ताशी १९० किलोमीटर. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो साइज आणि लोड इंडेक्स दिलाय, त्यापेक्षा कमी लोडचा टायर कधीही घेऊ नका. आपण लोक कारला कधी टेम्पो करतो कळत नाही. मागची सीट पाडून गोण्या भरणाऱ्यांनी तर हा आकडा पाठच करावा.

दुसरी गोष्ट, तारीख. 'डॉट' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात दोन वर्षं पडून असलेला टायर नव्याच्या भावात का घ्यायचा? तारीख जुनी निघाली तर दुसरा मागा, नाहीतर भाव पाडून मागा.

तिसरी गोष्ट, काही टायरवर 'ट्रेडवेअर' असा आकडा असतो. ही अमेरिकेतली पद्धत. आकडा मोठा तर टायर हळू झिजणार, असा ढोबळ अर्थ. पण हा आकडा कंपनी स्वतःच्याच चाचणीवरून देते. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर तोलायला तो चांगला, दोन कंपन्या तोलायला फार भरवशाचा नाही.

मग टायर खरंच किती चालतो, हे कुठे कळणार? मार्केट रिसर्च करा. तुमच्याच मॉडेलची गाडी टॅक्सीला चालवणारे दोन-तीन ड्रायव्हर गाठा आणि चहा पाजा. कुठला टायर किती किलोमीटरला गेला, पावसात कुठला घसरतो, सगळं तोंडपाठ असतं त्यांना. त्यांचं पोट त्या टायरवर चालतं.

टायर विकत घेतल्यावर खरा खेळ सुरू होतो

आता मघाचे १,४०० रुपये आठवा. तुमची गाडी लिटरला १८ किलोमीटर देत असेल, तर १८,००० किलोमीटरला १,००० लिटर पेट्रोल लागतं. लिटरला १०५ रुपये धरले तर झाले १,०५,००० रुपये. हवा कमी ठेवल्यामुळे पेट्रोल फक्त दोन टक्के जास्त लागलं असं धरा. झाले २,१०० रुपये. म्हणजे दुकानात डोकं लावून जे वाचवलं, त्याच्या दीडपट नुसत्या हवेत गेलं. शिवाय कमी हवेने टायरच्या कडा लवकर झिजतात, ते वेगळंच.

म्हणून पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी टायर गार असताना हवा तपासा. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही. माल भरून जाणार असाल तर स्टिकरवर फुल लोडचा वेगळा आकडा दिलेला असतो, तो पाळा.

एक गैरसमज इथेच मोडून टाकू. "उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवा" असं बरेच जण सांगतात. उलट आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, सतत वाकतो आणि त्यामुळेच जास्त तापतो. तापलेला रस्ता, भरलेली गाडी, मोठा वेग आणि कमी हवा, ही टायर फोडायची रेसिपी आहे. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. शहरात तीस-चाळीसने पळणाऱ्या टायरची तिथे खरी परीक्षा होते. २०२३ मध्ये आरटीओला तिथे टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या एन्ट्रीवरून परत पाठवायची मोहीम राबवावी लागली, ती उगाच नाही.

आणि नायट्रोजन? साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळत असेल तर भरा. पैसे मोजायचे असतील तर तेच पैसे अलाइनमेंटला द्या. दर ५,००० किलोमीटरला किंवा मोठा खड्डा आपटल्यावर अलाइनमेंट, आणि दर ८,००० ते १०,००० ला टायर रोटेशन. बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं गाडी ओढतात, म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. चारही सारखे झिजले तरच तुमचा किलोमीटरचा भाव खरा ठरतो.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे टायर मागच्या चाकांना लावून घ्या. ऐकायला उलटं वाटतं. पण ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि सामान्य ड्रायव्हरला ती सावरता येत नाही.

शेवटचा मिलिमीटर पिळू नका

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर. नक्षीच्या खाचेत तेवढ्याच उंचीची छोटी गाठ दिलेली असते. टायर तिथपर्यंत झिजला की संपला. पण माझं म्हणणं, व्यवसायाच्या गाडीने तिथपर्यंत जाऊच नये. नक्षीच्या खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. त्या उथळ झाल्या की टायर पाण्यावर तरंगायला लागतो आणि स्टिअरिंग हलकं होतं. तेव्हा ब्रेक दाबून उपयोग नसतो. म्हणून दरवर्षी मे महिन्यात खोली मोजा. ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर पावसाळ्याच्या आधी टायर बदला. गोटा झालेल्या टायरवर अजून एक पावसाळा काढून दीड-दोन हजार वाचतील. पण ऐन दिवाळीच्या आधी गाडी महिनाभर गॅरेजला आणि तुम्ही हॉस्पिटलला असाल, तर दुकानदाराकडची तुमची जागा दुसऱ्याच्या मसाल्याने घेतलेली असेल. आणि घरी तुमची वाट बघणाऱ्यांचा हिशोब तर कुठल्याच वहीत बसत नाही.

आजचं होमवर्क

वहीचं एक पान घ्या. त्यावर तीन आकडे लिहा: वर्षाचं रनिंग, टायरची तारीख आणि आजची नक्षीची खोली. मग तुमच्या रनिंगने टायर किती महिने चालेल ते काढा आणि चार टायरच्या किमतीला तेवढ्या महिन्यांनी भागून दर महिन्याला किती पैसे बाजूला ठेवायचे ते काढा. आपल्या मसालेवाल्या मित्राला महागड्या सेटसाठी महिन्याला सहाशेच्या आसपास पुरतात. टायरवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या बिलावरून अंदाज बांधू नका, नवीन भाव विचारा.

महिन्याला सहाशे बाजूला पडत असतील, तर टायर बदलायच्या दिवशी "सगळ्यात स्वस्त कुठला?" असं विचारायची वेळ तुमच्यावर येणार नाही. त्या दिवशी दुकानात तुम्ही प्रश्न विचाराल आणि दुकानदार उत्तरं शोधेल.

चला, लागा कामाला. पान लिहून झालं की गाडीची हवा तपासायला विसरू नका!