संहितेचे जतन आणि मार्कडाउन

विद्यापीठीय संशोधनपत्रिका संकेतस्थळावर नेण्याची चर्चा निघाली की ती बहुधा मुखपृष्ठ, रंग आणि अक्षरवळण यांभोवतीच फिरते. संहिता कोणत्या रूपात साठवावी, हा प्रश्न तंत्रज्ञाचा मानून आपण मोकळे होतो. वस्तुतः तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे.

वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सकळ लिपीची उकल करीपर्यंत महानुभावांचे वाङ्मय पंथाबाहेरील अभ्यासकांस बव्हंशी अगम्य होते. ती लिपी हेतुपुरस्सर गूढ ठेवलेली होती. आपण अजाणता तेच केले. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले, तरी पुढे कितीतरी वर्षे मराठी मजकूर ज्याच्या-त्याच्या खास फाँटात जुळवला गेला. अशा फाइलीत देवनागरी अक्षराच्या मागे रोमन अक्षराचा संकेत दडलेला असतो. फाँट हरपला की प्रबंधाचा निरर्थक अक्षरसमूह होतो.

जॉन ग्रुबर यांनी एरन स्वार्ट्झ यांच्या सहकार्याने २००४ साली सिद्ध केलेली मार्कडाउन ही लेखनपद्धती येथे विचारार्ह ठरते. तिची फाइल म्हणजे साधा मजकूर. ओळीच्या आरंभी # हे चिन्ह आले की शीर्षक, > आले की अवतरण. यंत्र त्यावरून संकेतस्थळाचे पान घडवते; यंत्र नसले तरी वाचकाचे अडत नाही. फाइलीच्या माथ्यावर शीर्षक, लेखक, वर्ष, विषय यांची नोंद करता येते आणि जेकिल (२००८) वा ह्यूगो (२०१३) यांसारखी साधने त्या नोंदींवरून सूच्या रचू शकतात. मात्र 'वि. का. राजवाडे' आणि 'विश्वनाथ काशिनाथ राजवाडे' हे यंत्राच्या लेखी दोन लेखक! सूचिकाराचे जुने कर्तव्य टळत नाही, ते संपादकाकडे येते.

या पद्धतीची खरी अडचण पद्याची आहे. मार्कडाउनला परिच्छेद कळतो, ओळ कळत नाही. ओवीचे चार चरण चार ओळींत लिहिले तरी पानावर ते सलग गद्यासारखे उमटतात. चरणान्ती दोन मोकळ्या जागा सोडाव्यात, हा मूळ उपाय. पण त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि काही लेखनसाधने त्या परस्पर पुसून टाकतात. २०१४ च्या कॉमनमार्क या नियमावलीने चरणान्ती उलटी तिरपी रेघ मान्य केली आहे. पद्यासाठी तीच स्वीकारावी. पाठभेदांसह चिकित्सक आवृत्ती सिद्ध करावयाची असेल तर मार्कडाउन अपुरेच पडेल. तेथे १९८७ पासून विकसित होत आलेल्या टीईआय या पद्धतीकडे वळावे लागेल. पत्रिकेतील लेखांना एवढ्या प्रपंचाची गरज नाही.

तेव्हा जुन्या फाइली उघडत आहेत तोवरच त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून वर्षवार आणि अंकवार मार्कडाउन फाइली कराव्यात, आणि त्यांची एक प्रत विभागाच्या ग्रंथालयात ठेवावी. संकेतस्थळाचा ठेकेदार बदलेल. त्याच्यापाशी एकमेव प्रत असू नये. रूपांतरानंतरचे मुद्रितशोधन मात्र मराठीच्या अध्यापकांनीच केले पाहिजे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद यंत्रावर सोडता येणार नाही.